गर्न्सी : कादंबरीतले बेट आणि दप्तरातले बेट

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडीत, नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, गर्न्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाच्या एक दशांशाएवढाच त्याचा विस्तार. लोकसंख्या साठ-पासष्ट हजार. राजधानीचे गाव सेंट पीटर पोर्ट. बंदराच्या काठापासून टेकडीवर चढत गेलेली अरुंद, फरसबंद गल्ल्यांची ती एक जुनी पेठ आहे. समुद्राची भरती येथे एवढी मोठी की उधाणाच्या दिवसांत पाणी दहा मीटरपर्यंत चढते आणि उतरते. सकाळी बंदरात डौलाने तरंगणाऱ्या होड्या दुपारी चिखलात कलंडलेल्या दिसतात.

राजकीयदृष्ट्या हे बेट ब्रिटनच्या राजमुकुटाखाली आहे, पण ते ब्रिटनचा भाग नाही. त्याची विधानसभा, त्याचे कायदे, त्याच्या नोटा स्वतंत्र आहेत. करांचे दर कमी असल्यामुळे बँका, विमा कंपन्या आणि गुंतवणूक संस्थांनी येथे मोठे बस्तान बसवले आहे. वित्तव्यवसायातील मंडळींना गर्न्सी परिचित आहे ते या कारणाने. पशुपालन करणाऱ्यांना ते परिचित आहे सोनेरी झाक असलेले दूध देणाऱ्या गाईंच्या वाणामुळे. साहित्यप्रेमींना ते आठवते व्हिक्टर ह्यूगोमुळे. फ्रान्समधून हद्दपार झालेला हा लेखक १८५५ ते १८७० अशी पंधरा वर्षे येथे राहिला. ‘ले मिझराब्ल’ ही त्याची जगद्विख्यात कादंबरी याच बेटावरील वास्तव्याच्या काळात पूर्ण झाली आणि १८६२ साली प्रसिद्ध झाली. त्याचे ओतव्हिल हाउस हे घर आजही पाहता येते.

गेल्या काही वर्षांत मात्र या बेटावर येणाऱ्या अनेकांच्या पिशवीत ह्यूगोऐवजी दुसरेच एक पुस्तक असते. तिचे नाव लांबलचक आणि जरा विनोदी आहे: ‘द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी’. युद्धकाळातील परकीय अंमलाखालचे जीवन रंगवणाऱ्या कादंबऱ्यांत ही बहुधा सर्वांत लोकप्रिय ठरली. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्या घरातील वाचकाला बटाट्याच्या सालींवर आधारलेले हे शीर्षक प्रथम चमत्कारिक वाटते. पुस्तक मिटल्यावर मात्र त्या सालींचा अर्थ मनात बराच काळ घोळत राहतो.

टोमॅटोंच्या गाड्या आणि बाँब

दुसऱ्या महायुद्धापूर्वी गर्न्सीचा मुख्य व्यापार टोमॅटोचा होता. काचेच्या घरांत, म्हणजे ज्यांना आज आपल्याकडे ग्रीनहाउस म्हणतात त्यांत, टोमॅटो पिकवून ते बोटीने इंग्लंडच्या बाजारात पाठवले जात. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स कोसळला, तेव्हा या बेटांचे संरक्षण करणे लष्करीदृष्ट्या व्यर्थ आहे असे ब्रिटिश सरकारने ठरवले आणि सैन्य काढून घेतले. रहिवाशांपुढे एकदोन दिवसांत निर्णय घेण्याची वेळ आली. सुमारे बेचाळीस हजार लोकवस्तीपैकी जवळजवळ सतरा हजार लोक बोटींतून इंग्लंडला गेले. त्यांत शाळाच्या शाळा होत्या. हजारो मुले आईवडिलांना धक्क्यावर सोडून शिक्षकांबरोबर निघाली. काही आठवड्यांत परत येऊ, अशीच बहुतेकांची समजूत होती.

२८ जून १९४० रोजी सायंकाळी सेंट पीटर पोर्टच्या धक्क्यावर टोमॅटोने भरलेल्या ट्रकांची नेहमीप्रमाणे रांग लागली होती. सैन्य काढून घेतल्याची वार्ता जर्मनांपर्यंत पोहोचलेली नव्हती. त्यांच्या वैमानिकांनी ती रांग लष्करी वाहनांची समजून बाँब टाकले. ट्रकांखाली आसरा घेतलेल्या चालकांसह तीसहून अधिक माणसे गर्न्सीत मृत्युमुखी पडली. दोन दिवसांनी, ३० जूनला, जर्मन सैनिक विमानतळावर उतरले. एकही गोळी न झाडता बेट ताब्यात गेले आणि ९ मे १९४५ पर्यंत ताब्यातच राहिले.

ताबा आल्यावर घड्याळ एक तास पुढे सरकले, वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावू लागली, रात्रीची संचारबंदी लागू झाली. पुढे रेडिओ जप्त झाले. बेटावरील माणसांना इंग्लंडमधील मुलांची खबर मिळे ती रेडक्रॉसमार्फत येणाऱ्या पंचवीस शब्दांच्या निरोपातून. पाच वर्षांचे मूल दहा वर्षांचे होईपर्यंतचा सगळा काळ असल्या पंचवीस-पंचवीस शब्दांत मावला. मुक्तीनंतर घरी परतलेल्या कित्येक मुलांना आईवडिलांची ओळख नव्याने करून घ्यावी लागली.

दुकानदाराची कसोटी

अशा काळात दुकानदारावर काय गुदरते, हा प्रश्न व्यापारी घराण्यांतील वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. प्रारंभी जर्मन सैनिक ग्राहक म्हणूनच पेठेत आले. ते शिस्तीने वागत, पैसे मोजून देत. मात्र ते पैसे ताब्यातील प्रदेशांसाठी छापलेल्या मार्कांचे होते आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. विनिमयाचा दर जर्मनांनीच ठरवलेला. कापड, पादत्राणे, घड्याळे, साबण अशा वस्तू विकत घेऊन सैनिकांनी त्या आपापल्या घरी पाठवल्या. काही आठवडे गल्ल्यावर गर्दी दिसली आणि नंतर फळ्या रिकाम्या झाल्या. माल पुन्हा भरण्यास इंग्लंडचा घाऊक बाजार उरलाच नव्हता. विक्री वाढली म्हणून आनंद मानणाऱ्या दुकानदाराला वर्षाअखेरीस कळले की आपण भांडवलच विकून बसलो.

ब्रिटिश नाणी लोकांनी घरात दडवून ठेवली. सुट्ट्या पैशांची एवढी चणचण झाली की १९४१ पासून बेटाच्या प्रशासनाला सहा पेन्सपासूनच्या अगदी लहान किमतीच्या कागदी नोटा छापाव्या लागल्या. नाणेसंग्राहक आज त्या नोटांना चांगली किंमत देतात. युद्ध संपल्यावर लोकांच्या हातातील मार्क बँकांत जमा करून त्यांच्या बदल्यात पौंड देण्यात आले. म्हणून निदान कागदावर तरी अनेकांची बचत वाचली. चलन हा अखेर विश्वासाचा कागद असतो आणि तो विश्वास कोणाच्या बंदुकीवर उभा आहे याला महत्त्व असते, हा अर्थशास्त्राचा धडा या बेटाने पाच वर्षे प्रत्यक्ष गिरवला.

मालाची टंचाई वाढत गेली तसा पैशाचा व्यवहार मागे पडून वस्तुविनिमय सुरू झाला. वर्तमानपत्रांत वस्तूच्या बदल्यात वस्तू मागणाऱ्या जाहिराती येऊ लागल्या. सायकलीला टायर मिळेना, तेव्हा बागेला पाणी घालण्याची रबरी नळी चाकावर चढवली गेली. बुटांना लाकडी तळ लागले. ब्लॅकबेरीच्या पानांचा चहा झाला, ओकच्या फळांची कॉफी झाली. मिठासाठी समुद्राचे पाणी आटवले जाई. साखरबीट उकळून काकवीसारखा पाक केला जाई.

काळा बाजारही अर्थातच होता. आपल्याजवळचा साबण शेजाऱ्याला जुन्या भावाने द्यावा की मागेल त्या भावाने विकावा, उधारी लिहावी की नाही, जर्मन अधिकाऱ्याने खाजगीत देऊ केलेली पिठाची गोणी घ्यावी की नाकारावी, असल्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही नियमावलीत नव्हती. सचोटीची कसोटी सुबत्तेच्या काळात क्वचितच लागते.

सालींचा पाय

या जगात शिरण्यासाठी कादंबरीइतका सोपा दरवाजा नाही. तिची जन्मकथाही सांगण्याजोगी आहे. मेरी अॅन शॅफर ही अमेरिकन स्त्री १९७६ साली गर्न्सीला आली. दाट धुक्यामुळे विमाने बंद झाली आणि तिला विमानतळावर अडकून पडावे लागले. तेथील पुस्तकांच्या दुकानात जर्मन अंमलाविषयीची पुस्तके होती. ती वाचण्यात तिचा वेळ गेला. ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने यांत आयुष्य घालवलेल्या या बाईच्या मनात तो विषय वीस वर्षे पडून होता. अखेर तिने कादंबरी लिहिली, परंतु प्रकाशकाने सुचवलेले बदल करण्याइतकी प्रकृती राहिली नाही. ते काम तिची भाची अॅनी बॅरोज हिने पूर्ण केले. शॅफर फेब्रुवारी २००८ मध्ये वारली आणि त्याच वर्षी पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या एकुलत्या एका कादंबरीचे यश पाहण्याचे तिच्या नशिबी नव्हते.

कादंबरी सर्वस्वी पत्रांतून उलगडते. काळ १९४६ चा. लंडनमधील ज्युलिएट अॅश्टन या लेखिकेला गर्न्सीच्या डॉझी अॅडम्स या शेतकऱ्याचे पत्र येते. तिच्या मालकीचे चार्ल्स लॅम्बच्या निबंधांचे जुने पुस्तक हस्ते-परहस्ते त्याच्याकडे पोहोचलेले असते आणि आत तिचे नाव-पत्ता असतो. त्या पत्रव्यवहारातून बेटावरील एका वाचकमंडळाची कथा पुढे येते. जर्मनांपासून लपवलेल्या डुकराची मेजवानी उरकून काही मित्र संचारबंदीच्या वेळेनंतर घरी परतत असतात. गस्तीवरील सैनिक त्यांना अडवतात. एलिझाबेथ मॅकेना ही तरुणी प्रसंगावधान राखून थाप मारते की आम्ही साहित्यमंडळाच्या बैठकीहून येत आहोत. थाप खरी करून दाखवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी पुस्तके गोळा केली जातात, मंडळ स्थापन होते आणि ज्यांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक हाती धरले नव्हते असे लोक वाचू लागतात. बैठकीला काहीतरी खाण्यास हवे, म्हणून एक सभासद पाय नावाचा पदार्थ बनवतो. लोणी नाही, पीठ नाही, साखर नाही. म्हणून कुस्करलेल्या बटाट्याचे सारण, गोडीला बीट आणि वरच्या आवरणाला बटाट्याच्या साली. शीर्षक आले ते येथून.

या मेजवानीच्या मागे हिशेबाची एक गंमतही लेखिकेने योजली आहे. बेटावरील प्रत्येक जनावराची जर्मन दप्तरात नोंद असे. जनावर मेले तर अधिकारी प्रत्यक्ष येऊन पाहत आणि आकडा कमी करत. कादंबरीतील शेतकरी आजाराने मेलेले एकच जनावर रातोरात एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेतात आणि तेच पुन्हा पुन्हा दाखवून नोंदी कमी करवून घेतात. अन्यायी सत्तेच्या वहीत खोटा आकडा घालणे हे पाप की शहाणपण, असा प्रश्न लेखिका हसत हसत वाचकापुढे ठेवते आणि पुढे जाते.

कथेच्या गाभ्याशी आहे एलिझाबेथ. एका जर्मन सैन्याधिकाऱ्यावर तिचे प्रेम जडते आणि त्याच्यापासून तिला मुलगी होते. पुढे एका वेठबिगार मजुराला आसरा दिल्याबद्दल तिला पकडून राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत पाठवले जाते. ती परत येत नाही. मंडळातील सगळे तिच्या चिमुरडीला वाढवतात. कादंबरीत एलिझाबेथ स्वतः कधी बोलत नाही. इतरांच्या पत्रांतूनच ती वाचकाला भेटते.

२०१८ साली या कथेवर चित्रपटही निघाला. तो पाहून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पडद्यावर दिसणारा किनारा गर्न्सीचा नाही. चित्रीकरण मुख्यत्वे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात झाले.

बेटकऱ्याची कादंबरी

शॅफर पाहुणी होती. तिच्या पुस्तकाशेजारी बेटावर जन्मलेल्या जी. बी. एडवर्ड्स यांची ‘द बुक ऑफ एबेनेझर ल पाज’ ही कादंबरी ठेवली म्हणजे फरक कळतो. एडवर्ड्स यांचा जन्म १८९९ चा, मृत्यू १९७६ चा. पुस्तक त्यांच्या पश्चात १९८१ मध्ये निघाले. टोमॅटो पिकवणारा एक म्हातारा, अविवाहित बेटकरी आपल्या आयुष्याची कहाणी तीन वह्यांत लिहून ठेवतो, अशी तिची रचना. त्याची इंग्रजी बोली गर्न्सीच्या फ्रेंच वळणाची, खडबडीत आहे. जर्मन अंमल हा त्याच्या दीर्घ आयुष्यातील एक कालखंड म्हणून येतो. तो आधी आणि नंतरही शेजाऱ्यांची भांडणे, वाटण्या, जुने रुसवे हेच बघत असतो. म्हातारपणी त्याला चिंता लागते ती घर आणि साठवलेला पैसा कोणाच्या हाती द्यावा याची. योग्य वारस शोधण्याची ती धडपड कोणत्याही पेढीच्या मालकाला आपलीशी वाटेल.

एबेनेझरच्या कथनात जर्मन अंमलाखाली बेटावरचे लोक एकदिलाने उभे राहिलेले दिसत नाहीत. काही धीराने वागले, काहींनी हात धुऊन घेतले, बहुतेकांनी मान खाली घालून दिवस काढले. शॅफरचे पुस्तक वाचून झालेला वाचक येथे किंचित खट्टू होतो. पण दप्तरातले बेट ओळखण्यासाठी ही तयारी उपयोगी पडते.

दप्तरातले बेट

ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मनांनी ज्यू रहिवाशांची नोंदणी करण्याचा हुकूम आणला. बेटावर कायदा लागू होण्यासाठी तो तेथील रॉयल कोर्टात नोंदवला जावा लागतो. ज्यू माणसे मोजकी होती. कोर्टापुढे विषय आला तेव्हा सर अब्राहम लेने या सभासदाने आपली संमती स्पष्टपणे नाकारली. हे गृहस्थ भारतात सनदी सेवेत अधिकारी म्हणून काम करून, निवृत्तीनंतर बेटावर स्थायिक झालेले. त्यांचा एकट्याचाच विरोध. हुकूम नोंदवला गेला. बेटाचा कारभार पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष अॅम्ब्रोज शेरविल यांनी पुढे आपल्या आठवणींत त्या दिवशी आपण विरोध केला नाही याची खंत प्रांजळपणे लिहून ठेवली. लेने यांच्या विरोधाची हकीकत जगाला कळली तीही शेरविल यांच्याच लेखणीतून.

यादी झाली. ज्यूंच्या दुकानांवर तशी पाटी लावण्याची सक्ती झाली. एप्रिल १९४२ मध्ये तेरेझ श्टायनर, ऑगुस्ट श्पिट्झ आणि मारियान ग्रुनफेल्ड या तीन स्त्रियांना बेटावरून फ्रान्सला नेण्यात आले. तेरेझ मूळची व्हिएन्नाची, हिटलरच्या राज्यातून सुटून आलेली, बेटावरील रुग्णालयात परिचारिका. मारियान एका शेतावर कामाला होती. त्याच वर्षी जुलैत त्यांना आउशविट्झला पाठवण्यात आले. तिघींपैकी कोणीही परतले नाही.

येथे खून करणारे हात जर्मनांचे होते. नावे लिहून देणारे हात मात्र बेटावरील साध्या कारकुनांचे आणि पोलिसांचे होते. त्यांतले बहुतेक जण घरी प्रेमळ, कामात चोख असतील. नोंद अचूक ठेवणे हे त्यांना कर्तव्य वाटले असेल. वहीत बिनचूक नाव लिहिणे हा ज्यांच्या व्यवसायाचा अभिमान आहे, त्या प्रत्येकाने येथे क्षणभर थांबावे. हिशेब चोख आहे एवढे पुरेसे नसते. तो कोणाला द्यायचा आणि त्याचे पुढे काय होणार, हेही हिशेबनिसाला विचारावे लागते. लेने यांनी तो प्रश्न वेळेवर विचारला. त्यांच्या नकाराने एकाही स्त्रीचा जीव वाचला नाही, हे खरे. तरीही त्या बैठकीतून आज अभिमानाने सांगावे असे काही उरले असेल तर तो नकारच.

दप्तर उलट बाजूचीही साक्ष देते. १९४२ पासून काही बेटकऱ्यांनी लपवलेल्या रेडिओवर लंडनच्या बातम्या ऐकून ‘गन्स’ नावाचे एकपानी बातमीपत्र चालवले. टोमॅटो बांधण्याच्या कागदावर ते टंकलिखित होई आणि हातोहात फिरे. १९४४ मध्ये फितुरीमुळे ते पकडले गेले. पाच जणांना जर्मनीत पाठवले, त्यांपैकी चार्ल्स मॅशन आणि जोसेफ गिलिंगहॅम हे दोघे तेथेच मरण पावले. कादंबरीतील एलिझाबेथची हकीकतही निव्वळ कल्पना नाही. शेजारच्या जर्सी बेटावर लुइझा गूल्ड या किराणा दुकान चालवणाऱ्या विधवा बाईने पळून आलेल्या एका रशियन कैद्याला दीड वर्षाहून अधिक काळ घरात लपवले. तिचा स्वतःचा एक मुलगा युद्धात मरण पावलेला होता. कोणीतरी चुगली केली. १९४५ साली राव्हेन्सब्रुक येथे तिचा अंत झाला.

काही प्रकरणांचा निवाडा अजून झालेला नाही. १९४२ मध्ये गर्न्सीच्या पोलीस दलातील डझनाहून अधिक शिपायांना जर्मन कोठारांतून अन्नधान्य चोरल्याबद्दल शिक्षा झाली. त्यांतील काहींनी ते धान्य भुकेल्या लोकांना वाटले असे त्यांचे कुटुंबीय सांगतात. बेटाच्या कोर्टाने मात्र त्यांना चोर ठरवले आणि शत्रूच्या तुरुंगातील यातना भोगून परतल्यावरही तो डाग पुसला गेला नाही. अचौर्याचे व्रत मानणाऱ्या वाचकालाही या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येणार नाही.

उपासमारीचा हिवाळा

जून १९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या आणि फ्रान्समधून येणारी रसद तुटली. बेटे मात्र मुक्त झाली नाहीत. त्यांना तसेच सोडून फौजा पुढे गेल्या. रहिवासी आणि सैनिक, दोघेही उपाशी. त्या हिवाळ्यात गॅस संपला, जळण संपले. २७ डिसेंबर १९४४ रोजी ‘व्हेगा’ नावाचे रेडक्रॉसचे जहाज अन्नाची पार्सले घेऊन गर्न्सीच्या बंदरात शिरले, तेव्हा म्हातारी माणसेही रडली असे सांगतात. १९४५ च्या आरंभी तर काही आठवडे बेटावर पाव मिळत नव्हता. पुढच्या एका फेरीत जहाजाने पीठ आणले तेव्हा भट्ट्या पुन्हा पेटल्या.

जैन घरांत उपवास ही परिचयाची गोष्ट आहे. अठ्ठाई, मासखमण करणाऱ्यांचा गौरव होतो. मनाने स्वीकारलेला उपवास आणि लादलेली उपासमार यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उपवास करणाऱ्याला पारण्याचा दिवस माहीत असतो. गर्न्सीच्या आईला तो माहीत नव्हता. बटाट्याची साल टाकून न देणे हा तिथे संयम नव्हता, ती गरज होती. कादंबरीतील मंडळ त्या गरजेलाच हसून मान देते आणि एका ताटाभोवती पुस्तक घेऊन बसते.

बेटावर काय पाहावे

लंडनहून विमानाने तासाभरात किंवा फ्रान्समधील सेंट मालोहून बोटीने गर्न्सीला पोहोचता येते. मे महिना प्रवासाला उत्तम. रानफुलांचे दिवस आणि ९ मे हा मुक्तिदिन. त्या दिवशी बेटावर सुटी आणि मिरवणूक असते. बंदराजवळ १९९५ साली उभारलेले मुक्तिस्मारक आहे. त्या दगडी स्तंभाची सावली दरवर्षी ९ मे रोजी समोरच्या वळणदार बाकांवरून सरकते आणि १९४५ च्या त्या दिवशी कोणत्या वेळी काय घडले, ते तेथे कोरलेल्या ओळींवर दाखवत जाते.

विमानतळाजवळ जर्मन अंमलाचे वस्तुसंग्रहालय आहे. एका रहिवाशाने शाळकरी वयापासून शेतात सापडणारी काडतुसे वेचत वेचत जमवलेला हा संग्रह. शिधापत्रिका, लाकडी तळाचे बूट, घरगुती रेडिओ असल्या वस्तू पाहताना कादंबरीतील पाने आठवतात. किनाऱ्यावर काँक्रीटचे बुरूज आणि डोंगर पोखरून केलेले भूमिगत रुग्णालय आहे. ते बांधणाऱ्या वेठबिगार मजुरांत रशियन, पोलिश, फ्रेंच, स्पॅनिश असे अनेक देशांचे लोक होते. शेजारच्या ऑल्डर्नी बेटावर त्यांच्या छावण्या होत्या. तेथे किती माणसे मेली यावर दीर्घकाळ वाद चालला. २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने बोलावलेल्या तज्ज्ञांनी तो आकडा बहुधा ६४१ ते १,०२७ यांच्या दरम्यान असावा असा निष्कर्ष काढला. ऐंशी वर्षांनी का होईना, नोंद सुधारण्याचा प्रयत्न झाला.

पुस्तकप्रेमी प्रवाशाने पेठेतील गिय-आलेस ग्रंथालय अवश्य पाहावे. थॉमस गिय आणि फ्रेडरिक आलेस हे दोन बेटकरी तरुणपणी न्यूयॉर्कला गेले, घरांच्या रंगकामाच्या व्यवसायात पैसा कमावला आणि गावी परतून १८८२ साली गावासाठी ग्रंथालय उभे केले. वर टेकडीवर कँडी बागेशेजारी प्रियो ग्रंथालय आहे. त्याचे दाते ऑस्मंड द बोव्ह्वार प्रियो यांनी प्राचीन भारत आणि रोम यांच्यातील संबंधांवर ग्रंथ लिहिला होता. अंमलाच्या पाच वर्षांत रेडिओ गेले, रात्री घराबाहेर पडणे बंद झाले, तेव्हा बेटकऱ्यांना पुस्तकांचाच आधार होता. कादंबरीतील वाचकमंडळ काल्पनिक आहे. व्यापारात मिळवलेला पैसा ग्रंथालयात घालणाऱ्या त्या दोघांची देणगी खरी आहे आणि तिने अंधारात दिवा लावला.

तिन्ही स्त्रियांच्या नावांचा फलक बंदराच्या धक्क्यावर आहे. तो बसवला गेला २००१ साली, म्हणजे त्यांना नेल्यानंतर एकोणसाठ वर्षांनी. फलक लहान आहे. बोटीची वेळ गाठण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशाच्या नजरेतून सहज सुटेल. शॅफरची कादंबरी वाचून या बेटावर प्रेम बसलेल्या माणसाने परतीच्या बोटीपूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावीत, धक्क्यावर जावे आणि तेरेझ, ऑगुस्ट, मारियान ही तीन नावे सावकाश वाचावीत.